डब्याच्या तळाची मूठ

ते प्रकरण तसं मोठं नव्हतं, पण डोक्यातून काही गेलं नाही. नोकरीत मी खून बघितले, दरोडे बघितले, गोदावरीच्या पुरातून प्रेतं काढली. त्यातलं निम्मं आता आठवत नाही. इंदिरानगरमधली ती भगरीच्या पिठाची भानगड मात्र आठवते. हल्ली तर रोजच, कारण हल्ली तांदळाचा डबा रोज मलाच उघडावा लागतो. बायको गेली. स्वयंपाक म्हणजे मी भात लावतो आणि वर वरण ओततो, एवढंच.

नावं कुणाचीच देणार नाही. ती माणसं अजून नाशकातच राहतात. मी फार शिकलेला नाही. सिन्नर तालुक्यातल्या खेड्यातून आलो, दहावी दुसऱ्या खेपेला सुटलो, शिपाई म्हणून भरती झालो आणि उपनिरीक्षक होऊन बाहेर पडलो. जबाब लिहून लिहून हात वळला, तसंच हे लिहितोय. गोड लिहिता येत नाही.

महाशिवरात्रीचा दुसरा दिवस होता. शिवरात्रीला नाशकात आमच्या खात्याचा जीव निघतो. देवळादेवळापुढे रांगा, खिसेकापू, हरवलेली पोरं. बंदोबस्ताचा शीण अंगात घेऊन ठाण्यात आलो, तर ठाणे अंमलदाराने दवाखान्यातून आलेला कागद पुढे सरकवला. एका घरातली दोन माणसं, आई आणि मुलगा, खाण्यातून विषबाधा. आई बेशुद्ध, आयसीयूत. असा कागद आला की चौकशी करावीच लागते.

कागद वाचून व्हायच्या आत एक बाई तावातावाने आत आली. चाळिशीची असेल. म्हातारीची मुलगी. त्याच भागात, दोन गल्ल्या सोडून तिचं सासर.

"माझ्या आईला विष घातलंय साहेब. माझ्या भावजयीनं."

"बसा ताई. पाणी घ्या."

"पाणी नको. आधी तिला आत टाका."

"आत टाकायला आधी बाहेरचं कळावं लागतं. काय झालं ते क्रमानं सांगा."

तिनं सांगितलं ते असं. शिवरात्रीला आईचा आणि भावाचा उपास. भावजयीनं भगरीच्या पिठाच्या भाकरी केल्या, शेंगदाण्याची आमटी केली, देवाला नैवेद्य दाखवला आणि दोघांना वाढलं. स्वतः त्यातलं काही खाल्लं नाही. संध्याकाळी दोघांना वांत्या, घाम, हातपाय लटलट कापायला लागले. भाऊ निदान बोलत होता. आई जागेवरच पडली.

"आणि ऐका," ती टेबलावर वाकली. "दुपारी मी बेल घेऊन गेले होते. ओट्यावर उपासाचा डबा घासून उपडा घातलेला. सणाच्या दिवशी डबे कोण घासतं हो? पुरावा धुतला तिनं. भांडीसुद्धा लख्ख. भाकरीचा तुकडा शिल्लक ठेवला नाही."

"भांडण होतं का घरात?"

"आईनं हिला कधी काही करू दिलं नाही, हेच हिचं दुखणं. सायखेड्याच्या शेतकऱ्याची मुलगी, इथं येऊन राणी व्हायचं होतं."

तक्रार लिहून घेतली. खुनाचा प्रयत्न म्हणून गुन्हा दाखल झाला. पण एक सांगतो. जो माणूस आरोपीचं नाव तयार ठेवून येतो, त्याच्यावर मी पहिला संशय घेतो. ही बाईसुद्धा त्या दुपारी त्या स्वयंपाकघरात जाऊन आली होती. ते मी डोक्यात ठेवलं.

दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, काहीतरी विषारी पोटात गेलंय हे नक्की, पण काय ते आत्ता सांगता येत नाही. म्हातारीचं हृदय आधीच अधू. मुलगा सलाईन लावून पडला होता. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरीला. पस्तिशीचा असेल.

"बायकोवर संशय आहे का तुमचा?"

तो छताकडे बघत राहिला. "मला काय सांगता येत नाही साहेब. तिलाच विचारा."

"भाकरीची चव कशी होती?"

"जरा कडवट."

"मग खाल्ली कशाला?"

"नैवेद्याला नावं ठेवत नाहीत आमच्यात. आईनं एकदा थोबाडीत मारली होती त्यावरून लहानपणी."

बायकोची बाजू त्यानं घेतली नाही. तिच्यावर आळही घेतला नाही. असा नवरा मला आवडत नाही. पण न आवडणं हा काही गुन्हा नाही.

बाईमाणसाचा जबाब घरी जाऊन घ्यायचा असतो आणि सोबत महिला कर्मचारी लागते. आमच्याकडे एक हवालदार बाई होत्या, धिप्पाड, बोलायला फटकळ. त्यांना घेऊन इंदिरानगरला गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. स्वच्छ. सुनेनं दार उघडलं. बारीक अंगाची, तिशीच्या आतली. डोळे सुजलेले नव्हते, हे हवालदार बाईंनी लगेच टिपलं आणि मला कोपर मारलं.

"भाकरी कुणी केल्या?"

"मीच."

"पीठ?"

"नव्या पुडीतलं."

माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं. खरं बोलणारा माणूस आठवत बसतो. पाठ केलेलं असलं की असं पटकन येतं.

"तुम्ही का नाही खाल्ली?"

"आमच्या माहेरी शिवरात्रीला भगर नसते. रताळी खात्यात. मी अजून तेच करते."

"सासूला चालतं?"

"बोलत्यात, पण चालवून घेत्यात."

"डबा का घासला?"

इथं ती थांबली. खाली बघायला लागली. "घाण झाला होता."

"सणाच्या दिवशी?"

"तेव्हाच वेळ मिळाला."

हवालदार बाई म्हणाल्या, "माझ्या घरी ये गं बाई. तिथं दिवाळीलासुद्धा वेळ मिळत नाही मला."

दोन पंच बोलावून झडती घेतली. उपासाचा डबा फडताळात होता, घासलेला, कोरडा, आणि त्यात पांढरंस्वच्छ पीठ. पिठाचा नमुना घेतला. कचऱ्याच्या बादलीत नव्या पुडीचं प्लॅस्टिक सापडलं. त्यावरची तारीख मी चष्मा लावून वाचली. मुदत संपायला अजून बरेच महिने होते.

मग देव्हारा. देवांखालचं लाल कापड उचललं तर पाठीमागे, भिंतीला टेकून, वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी. पूजेतल्या लाल दोऱ्याने बांधलेली. उघडली तर आत मूठभर राखाडी भुकटी.

नणंद मागोमाग आलीच होती. ती किंचाळली, "बघा! सापडलं ना! देवाच्या पाठीमागं विष लपवलं! का करणी केलीस गं?"

हवालदार बाई वास घ्यायला खाली वाकल्या. मी ओरडलो, "नाक लावू नका! तुमची खाट पण आयसीयूतच टाकावी लागेल."

अनोळखी भुकटीला नाक लावायचं नाही, हा आमचा नियम. कीटकनाशकं हुंगून माणसं पडलेली मी बघितलीत. पुडी तशीच बंद केली, लाखेचं सील मारलं, पंचांच्या सह्या घेतल्या.

सून इतका वेळ भिंतीशी उभी होती. पुडीला हात लागला तशी पुढे आली. "त्याला हात लावू नका हो. देवापाशी ठेवलंय ते."

"काय आहे ते?"

तिनं देवांखालचं कापड सारखं केलं.

"ताई, तुमची सासू आयसीयूत आहे. त्या गेल्या तर हा खून होतो. काय आहे पुडीत?"

ओठ घट्ट मिटून उभी राहिली. विचारून थकलो.

तिथून किराणा दुकानात गेलो. दुकानदार घाबरून आधीच घामाघूम. त्याच मालातली पुडी काढून त्यानं तारखेवर बोट ठेवलं आणि बोट उचलायलाच तयार नाही. "साहेब, तारीख बघा. तारीख बघा ना! मुदतीतला माल आहे. माझं काय चुकलं?"

मला दुकानदारही संशयाचा वाटत होता. तारखा पुसून नव्या मारणारे मी पकडलेले आहेत. त्याच्याकडून तेच पीठ नेलेल्या आसपासच्या घरांत गेलो. सगळे ठणठणीत. एक आजोबा तर म्हणाले, "पीठ चांगलं आहे, पण महाग देतो. त्यावर काही कलम आहे का?"

म्हणजे पीठ चांगलं. मुदत चांगली. दोघं खाऊन पडले, जिनं केलं तिनं खाल्लं नाही, डबा धुतला आणि देवामागे पुडी. लहान मुलालाही विचारलं असतं तरी त्यानं सुनेकडेच बोट दाखवलं असतं.

ठाण्यात साहेब वाटच बघत होते. आमचे निरीक्षक, तरुण, हुशार, घाईचे.

"अजून काय पाहिजे तुम्हाला?" ते म्हणाले. "तिनं विष घातलं असं तिच्या अक्षरात लिहून पाहिजे का?"

"साहेब, विष देणारी बाई उरलेलं विष देवाखाली ठेवत नाही. मोरीत ओतते आणि वर बादलीभर पाणी टाकते."

"मग आहे काय ते?"

"माहीत नाही."

"प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागेल. तोवर म्हातारी गेली तर लोक आपल्या दारात बसतील. उद्या अटक करा."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. पण एक गोष्ट टोचत होती. विष घातलं म्हणून नणंद तोंडावर किंचाळली तेव्हा ही बाई हलली नाही. पुडीला हात लागला तेव्हा हलली.

दुपारी घरी जेवायला गेलो. बायको ओट्याशी तांदळाचा डबा भरत होती. मी नेहमीसारखा पाटावर बसलो आणि वाढायची वाट बघत तिच्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं संसार केला, पण ती डबा कसा भरते हे मी तोवर कधी बघितलं नव्हतं. तिनं तळाचे तांदूळ मुठीत घेऊन वाटीत काढले, डबा फडक्यानं पुसला, नवे तांदूळ ओतले. वाटी मात्र उचलून देवापाशी नेऊन ठेवली, हात जोडले, परत आणली आणि ते जुने तांदूळ नव्यावर पसरले.

"हे काय करतेस?"

"डबा भरतेय. दिसत नाही?"

"ती वाटी देवापाशी कशाला?"

"अहो, डबा पुरा रिकामा करत नाहीत. करायचाच झाला तर मूठभर काढून देवापाशी ठेवायचे. मग परत घालायचे. बरकत राहते."

"जुने वर का घातलेस?"

"म्हणजे आधी तेच शिजतील. काही बाया खालीच ठेवतात. हलवतच नाहीत जन्मभर. वर ओततात, वरून काढतात, मूठ आपली तळाला तशीच." तिनं डबा नाकाशी नेऊन वास घेतला, जसा ती प्रत्येक गोष्टीचा घ्यायची. "मग खाली काय काय होत असेल देव जाणे. तुम्ही जेवताय ना?"

मी उठलो होतो. "ठेव झाकून," म्हणालो.

"नेहमीचंच आहे तुमचं," ती म्हणाली.

ऊन उतरायच्या आत हवालदार बाईंना घेऊन परत इंदिरानगरला. नणंदेला या वेळी खालीच थांबवलं. सून तशीच, भिंतीशी. मी खुर्ची घेतली नाही, जमिनीवर बसलो. तिलाही बस म्हटलं.

"ताई, एकच विचारतो. उपासाचा डबा तुम्ही तळापर्यंत रिकामा केलात ना?"

तिचा चेहरा पांढरा पडला. आणि मग ती रडायला लागली. विष घातलं म्हटल्यावर न रडलेली बाई, डबा रिकामा केला म्हटल्यावर हमसून हमसून रडली.

"आईंना सांगू नका," ती म्हणाली. "पाया पडते. आईंना सांगू नका."

हवालदार बाईंनी पहिल्यांदाच काही न बोलता तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग सगळं आलं. सासू डब्याला सुनेला हात लावू द्यायची नाही. नवी पुडी आणली की वरून ओतायची. तळाची मूठ हलवायची नाही. नवरा कंपनीत स्टोअर सांभाळणारा. तिथं नियम असा की आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा. मागच्या आठवड्यात तो बायकोवरच खेकसला होता, वरून वरून काय ओतता, खालचा माल सडेल ना.

"मग शिवरात्रीला आई देवळात गेल्या," ती म्हणाली. "रांगेत वेळ लागणार होता. मी म्हटलं, आता डबा साफ करून ठेवू. कागदावर उपडा केला. तळाला पिठाचा गठ्ठा. तो फोडला, चाळला. चाळून चांगला दिसला, जरा मळकट एवढंच."

"फेकून का नाही दिला?"

"उपासाचं पीठ कचऱ्यात टाकायचं कसं? त्याच दिवशी? म्हणून त्याच्याच भाकरी केल्या. नवी पुडी घासलेल्या डब्यात भरली. आणि चाळलेल्यातलं मूठभर जुनं देवापाशी ठेवलं. आई झोपल्या की तळाला परत घालणार होते. कुणाला कळलं नसतं."

"चाळताना वास नाही आला?"

"नैवेद्याचं होतं ना. आईंची शिस्त आहे, नाका-तोंडाला पदर बांधून करायचं. हुंगलं की उष्टं होतं."

मी हवालदार बाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. तिनं देवाचं म्हणून हुंगलं नव्हतं, आम्ही विषाचं म्हणून हुंगलं नव्हतं, आणि ज्यानं खाल्लं त्यानं प्रसाद म्हणून कडवट सांगितलं नव्हतं. शहाणी माणसं सगळी, आपापला नियम पाळणारी.

"हे तुम्ही पहिल्यांदाच का नाही सांगितलंत? आम्ही उद्या तुम्हाला अटक करणार होतो."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "आई म्हणत्यात, डबा रिकामा झाला की घर रिकामं होतं. मी डबा रिकामा केला आणि संध्याकाळी दोघं पडले. मला वाटलं, त्यानंच झालं. माझ्या हातानंच झालं. मग काय सांगू?"

म्हणजे ती स्वतःला गुन्हेगारच समजत होती. फक्त गुन्हा वेगळा होता.

तरी माझा संशय लगेच गेला नाही. रडणाऱ्या बायका मी खूप बघितल्यात, रडणारे पुरुष त्याहून जास्त. थेट दवाखाना गाठला आणि डॉक्टरांना विचारलं, जुन्या कोंदट पिठानं माणूस असा थरथरतो का. डॉक्टर चमकले. म्हणाले, हे आधी सांगायचं होतं. ओल लागली की भगरीच्या पिठाला बुरशी धरते, त्या बुरशीचं विष असतं, आणि उपासाच्या दिवसांत असे रुग्ण येतात. चाळून ते जात नाही, भाकरी भाजूनही जात नाही. मी म्हटलं, पण पुडीवरची तारीख? ते म्हणाले, ती नव्या पुडीची. जुन्या पुडीची तारीख जुन्या प्लॅस्टिकबरोबर कधीच कचऱ्यात गेली. डब्याला तारीख नसते.

खाटेवरच्या नवऱ्याला विचारलं, डब्यावरून बायकोवर खेकसला होतात का. तो उठून बसला. "मीच म्हणालो होतो तिला. आधीचा माल आधी काढ म्हणून." मग त्यानं डोकं धरलं. "पण कंपनीत आम्ही मुदत गेलेला माल वेगळा काढतो साहेब. हे तिला सांगायचं राहिलं."

खाली नणंद दवाखान्यात आलीच होती, तिला सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. विषाचं सांगताना नव्हती एवढी ती आता भडकली. "आईचा डबा रिकामा केला? तळापर्यंत?" मी म्हटलं, ताई, त्याला कलम नाही.

अटक टळली. पण खरा निकाल साहेबांच्या हातात नव्हताच. म्हातारी शुद्धीवर येऊन काय म्हणते, त्यावर सुनेचं घर टिकणार होतं. ती रोज दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसायची. वर जायची नाही. नणंद वर, ही खाली.

म्हातारी वाचली. बोलायला लागली तसा जबाब घ्यायला गेलो. मुलगी उशाशी बसलेली. मी सुनेला पण वर बोलावून घेतलं. ती दाराशीच उभी राहिली.

"आजी, तळाची मूठ किती जुनी होती?"

म्हातारीनं डोळे मिटले. मग म्हणाली, "आमचे मालक होते तेव्हाची. शेवटच्या शिवरात्रीला त्यांनी आणलेलं पीठ. त्यांनीच डबा भरून दिला होता. मी वरून ओतत गेले. त्यांचं खाली राहू दिलं."

खरं सांगतो, मला तेव्हा आतून हसू आलं. एवढ्यासाठी दोन जीव जात होते, असं वाटलं. तोंडावर काही दाखवलं नाही.

म्हातारीनं मान वळवून सुनेकडे बघितलं. "सगळी गेली का गं?"

सून म्हणाली, "नाही आई. मूठभर देवापाशी काढून ठेवली होती."

"मग आण."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी खाकरलो. "आजी, ती मुद्देमालात जमा आहे. प्रयोगशाळेत गेलीय. परत मिळायची नाही."

सुनेनं डोकं खाली घातलं. मला वाटलं, आता फुटतंय सगळं. तर म्हातारी मुलीला म्हणाली, "तू घरी जा आता. पोरं वाट बघत असतील. ही थांबेल माझ्यापाशी." आणि सुनेला म्हणाली, "दारात काय उभी राहिलीस? पाणी दे."

पुढे अहवाल आला. पुडीतल्या पिठात बुरशीचं विष, डब्यातलं पीठ निर्दोष. गुन्हा गैरसमजातून दाखल झाला होता म्हणून 'क' समरीचा अहवाल कोर्टात पाठवून फाइल बंद केली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला काय बक्षीस?" मी म्हटलं, "तुला मोगऱ्याचा गजरा." तो आणायचा राहिला की आणला, ते आता आठवत नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं ते लोक विचारतात. खाण्याचं म्हणाल तर एवढंच, की पुडीवरची तारीख जामिनासारखी असते. अटी पाळल्या तर लागू. पुडी फोडली, ओल लागली, डब्यात ओतलं, की जामीन रद्द. मुदत संपलेलं मीठ खाऊन कुणी मेलेलं मी बघितलं नाही, आणि मुदतीत असलेलं पीठ दमट जागेत ठेवून झोपलेली घरं बघितलीत. जुनं संपल्याशिवाय नवं ओतू नका. ओल, गठ्ठा, जाळी, वास, यातलं एक जरी दिसलं तरी टाकून द्या, चाळत बसू नका. वास नसला म्हणजे चांगलंच आहे, असंही समजू नका, हे डॉक्टरांनी मला बजावलं होतं. शंका आली की पोटावर प्रयोग करायचा नाही. देवाचं असलं तरी.

आणि माणसांचं म्हणाल तर, माणूस खोटं बोलतोय हे ओळखणं सोपं आहे. कशासाठी बोलतोय, ते अवघड. आम्ही खून शोधत बसतो आणि तो मूठभर पीठ लपवत असतो.

बायको गेल्यावर तिचा तांदळाचा डबा मी वरून भरत गेलो. ती मूठ काढून वर घालायची, हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं, त्यावर तर मी केस सोडवली होती. तरी तळाला हात घातला नाही. तिनं शेवटचा भरलेला होता तो. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. पुण्याहून मुलगी आली होती, तिनं झाकण काढलं आणि आईसारखंच नाक पुढे केलं.

"बाबा, तळाला वास मारतोय. सगळं टाका. नवीन आणा."

"टाकतो," म्हणालो.

ती गेल्यावर डबा उपडा केला. तळाशी तांदळाचा गठ्ठा, काळपट, दमट गोणपाटाच्या वासाचा. वरचे तांदूळही टाकले, त्यांनाही वास लागला होता. डबा घासला, उन्हात वाळवला, नवीन भरला. सगळं नियमानं केलं.

रात्री मुलीचा फोन आला. "तळाचे टाकलेत ना बाबा?"

"टाकले."

प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणालो. ठाण्यात असतो तर मीच मला पकडलं असतं.

तळाच्या मुठीची पुडी बायकोच्या फोटोमागे आहे. खायची नाही हे मला कळतं, त्यासाठी प्रयोगशाळा नको. माझ्या मागे कुणाच्या हाती लागली तर घोळ नको, म्हणून वर पेनानं लिहून ठेवलंय, 'खाऊ नये'. तारीख घातलेली नाही.